११ कोर्स झाले, बारावा आज रात्री बंद होतोय: घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षांत ऑनलाइन मार्केटिंगचे ११ कोर्स घेतले. प्रत्येक गुरूने सांगितलं, 'माझी सिस्टीम लावा, बाकी आपोआप होईल.' कमाई जवळजवळ शून्य. अकरावा कोर्स घेऊन १९ दिवस झालेत आणि बाराव्याची दारं आज रात्री १२ वाजता 'कायमची' बंद होणार आहेत. हे क्षेत्रच थोतांड आहे, की माझ्यातच काही खोट आहे?

आधी बाराव्याचं सांगतो, कारण घाई त्याची आहे. तुम्ही पाठवलेलं पान मी उघडून थोडा वेळ तसंच ठेवलं. लाल घड्याळ उलटं धावत होतं. मग तेच पान ब्राउझरच्या खाजगी विंडोत उघडलं, तर घड्याळात पुन्हा पूर्ण ७२ तास. म्हणजे ही मुदत कोर्सची नाहीच. तुम्ही पान पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा तुमच्या ब्राउझरमध्ये जी कुकी, म्हणजे छोटीशी नोंद, ठेवली गेली, तिची ती मुदत आहे. नंतर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये याच पानाच्या जुन्या प्रती पाहिल्या. दीड वर्षापूर्वीही दारं आज रात्रीच बंद होत होती. तेव्हा निवांत झोपा.

हे मला चटकन कळतं, कारण असली पानं मी लिहिली आहेत. या कामात १६ वर्षं आहे. त्यातली सहा वर्षं मी गुरूंसाठी सेल्स पेज (विक्रीची पानं), लॉन्चचे, म्हणजे कोर्स विक्रीला काढतानाचे, ईमेल आणि वेबिनारच्या संहिता लिहिल्या. नंतर ते सोडलं आणि साध्या धंद्यांची जाहिरात सांभाळायला लागलो. पैसे कमी मिळतात, झोप बरी लागते. तेव्हा पुढचं सगळं पडद्यामागे उभं राहिलेल्या माणसाचं बोलणं आहे, त्यात थोडा अपराधीपणा मिसळलेला असणार हे धरून चाला.

लॉन्चच्या आठवड्यात काय घडतं ते बघा. कोर्स विकणाऱ्याच्या हाताशी अफिलिएटांची फौज असते, म्हणजे इतर गुरू, ज्यांना प्रत्येक विक्रीमागे कमिशन मिळतं. डिजिटल मालावर निम्मं कमिशन ही साधी गोष्ट आहे, ७५ टक्केही दिलं जातं, कारण पीडीएफची दुसरी प्रत काढायला खर्च येत नाही. या फौजेसाठी आम्ही ईमेल आधीच लिहून ठेवायचो. धंद्यात त्याला 'स्वाइप' म्हणतात. खाली स्वतःचं नाव टाकायचं आणि पाठवायचं. म्हणून एकाच मंगळवारी पाच वेगवेगळ्या गुरूंना एकच कोर्स 'अचानक गवसतो' आणि पाचही जण एकाच वाक्यात थक्क होतात. 'मी स्वतः वापरून पाहिलं आणि अवाक् झालो' हे वाक्य मी एकदा लिहिलं, तेव्हा त्या कोर्सचा तिसरा भाग रेकॉर्डसुद्धा झालेला नव्हता. ते वाक्य सात जणांच्या नावाने गेलं. कुणीही मला फोन करून विचारलं नाही की बाबा, मी नक्की काय वापरलं?

कुणी कुणाची शिफारस करायची हे मालाच्या दर्जावर ठरत नाही, उधारीवर ठरतं. गेल्या महिन्यात त्याने माझा माल विकला, या महिन्यात मी त्याचा. वर सगळ्यांत जास्त विकणाऱ्यांची यादी लागते, बक्षिसं असतात. आणि ते 'बोनस'? बहुतेकदा पुनर्विक्रीच्या हक्कासह घाऊक घेतलेली ई-पुस्तकं, मुखपृष्ठ बदललेली. त्यांच्या शेजारी छापलेली 'मूळ किंमत' जगात कुणीही कधी मोजलेली नसते.

'लाइव्ह' वेबिनारबद्दलही एक गोष्ट कबूल करून टाकतो. दिवसातून चार वेळा होणारा वेबिनार लाइव्ह नसतो. तो रेकॉर्डिंग असतो. कोपऱ्यात दिसणारा श्रोत्यांचा आकडा आणि चॅटमध्ये झरझर येणारे प्रश्न कितव्या मिनिटाला दाखवायचे, हे सॉफ्टवेअरमध्ये आधी भरून ठेवता येतं. 'थांबा, एकाने फार छान प्रश्न विचारलाय' असं म्हणून गुरू पाणी पितो ना, तो घोटही संहितेत असतो.

आता मुख्य यंत्र, फनेल, म्हणजे गिऱ्हाइकाला पायरीपायरीने महाग मालाकडे नेणारी साखळी. आपल्याकडे याला फार जुनं नाव आहे: आवळा देऊन कोहळा काढणे. आधी फुकट पीडीएफ. मग नाममात्र किमतीचं काहीतरी. पैसे भरल्याबरोबर पुढचं पान येतं: 'थांबा! तुमची ऑर्डर अजून पूर्ण झालेली नाही.' तिथे कळतं की घेतलेला कोर्स म्हणजे सांगाडा आहे, तो चालवायचं सॉफ्टवेअर वेगळं, तयार साचे वेगळे, गुरूचा वैयक्तिक गट वेगळा. नाही म्हटलं की तेच जरा स्वस्तात. स्वस्त कोर्सातून नफा मिळावा अशी अपेक्षाच नसते. बघे कोण आणि खिशात हात घालणारे कोण, हे निवडण्याची ती चाळणी आहे. विकत घेणाऱ्यांची यादी फुकट्यांच्या यादीपेक्षा कितीतरी मोलाची असते. तुमचं नाव अशा निदान ११ याद्यांवर आहे. त्यांच्या वहीत तुम्ही नापास विद्यार्थी नसून पहिल्या प्रतीचं गिऱ्हाईक आहात. तुमचा इनबॉक्स असल्या ईमेलांनी भरून वाहतो असं तुम्ही लिहिलंत, ते त्यामुळे.

चाळणीच्या शेवटी फोन येतो. आधी एक 'अर्ज' भरून घेतात, तोही असा की जणू निवड तुमची व्हायची आहे. उत्पन्न किती, गुंतवायला किती हाताशी आहे, असे प्रश्न त्यात असतात. फोनवरचा 'सल्लागार' कमिशनवर काम करणारा विक्रेता असतो आणि अनेकदा त्याने आयुष्यात एकही जाहिरात चालवलेली नसते. त्याचं काम एकच, 'घरी विचारून सांगतो' या वाक्याला उत्तर देणं. त्या उत्तरांची पानंही मी लिहिली आहेत.

ही शिडी किती उंच जाऊ शकते याचं सरकारी नोंदीतलं उदाहरण आहे. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी आयोगाने, ऑनलाइन कमाई शिकवणाऱ्या 'एमओबीई' नावाच्या धंद्यावर न्यायालयाकडून बंदी आणवली. आत शिरायला ४९ डॉलर, पुढे '२१ पायऱ्यांची सिस्टीम', आणि एकेक वरचं सदस्यत्व घेत घेत सुमारे ६० हजार डॉलरपर्यंत. आयोगाच्या तक्रारीनुसार लोकांनी यात १२.५ कोटी डॉलरहून अधिक गमावले. आणि त्या सिस्टीममध्ये कमवायचं कसं? मुख्यतः तीच सदस्यत्वं दुसऱ्याच्या गळ्यात मारून. एवढा प्रकार प्रत्येक गुरू करत नाही. पण तुमच्या ११ पैकी किती कोर्सांत 'आता हाच कोर्स अफिलिएट म्हणून विका' असा धडा होता, ते आठवून पाहा. चार निघाले तरी मला नवल वाटणार नाही.

कमाईच्या स्क्रीनशॉटवर मी एक परिच्छेदच खर्च करणार आहे. वेबपानावरचा कुठलाही आकडा ब्राउझरच्या 'इन्स्पेक्ट'मध्ये जाऊन दहा सेकंदांत बदलता येतो, पुन्हा पान उघडेपर्यंत तो तसाच दिसतो. पण खोटे स्क्रीनशॉट ही लहान अडचण आहे. खरे स्क्रीनशॉट जास्त फसवतात. समजा विक्री १०० रुपयांची झाली. ५० अफिलिएटांना गेले. १० परत मागितले गेले. १५ जाहिरातीत, ५ पैसे स्वीकारणाऱ्या सेवेत आणि सॉफ्टवेअरांत, १० लिहिणाऱ्या-बनवणाऱ्या माणसांत. हातात उरले १०. स्क्रीनशॉट मात्र १०० चा लागतो. आणि तो लॉन्चच्या आठवड्याचा असतो, मधल्या चार सुन्न महिन्यांचा नसतो. मुख्य म्हणजे ती कमाई 'सिस्टीम' वापरून झालेली नसून 'सिस्टीम' विकून झालेली असते. हा एक प्रश्न विचारला की बरेच गुरू गडबडतात: शिकवण्यातून मिळणारं बाजूला काढा, आणि जे शिकवता ते करून गेल्या वर्षी किती मिळालं ते सांगा.

त्याच पानाच्या तळाशी, राखाडी बारीक अक्षरांत, उत्तर बहुधा दिलेलंही असतं. इंग्रजी सेल्स पेजांवर अशा अर्थाचं एक ठरीव वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: 'कसं करावं' छापाची माहिती विकत घेणाऱ्या सर्वसाधारण माणसाला फारसं किंवा काहीच फळ मिळत नाही. वकिलाने घालायला लावलेलं, आणि त्या अख्ख्या पानावरचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य. पूर्वी अमेरिकेत 'हे निकाल सर्वसाधारण नाहीत' एवढं लिहिलं की भागत असे. २००९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशींविषयीचे नियम सुधारले आणि ती पळवाट बंद केली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच आयोगाने १,१०० हून अधिक कंपन्यांना कमाईचे खोटे दावे केल्यास दंड होऊ शकतो अशा नोटिसा धाडल्या. तरी पानं तशीच आहेत. पी हळद हो गोरी म्हणणाऱ्याला गिऱ्हाईक मिळत राहतं, त्याला कायद्याचा इलाज थोडाच चालतो.

मग शिकवलेलं खोटं असतं का? नाही, आणि तुमच्या प्रश्नातला खरा गुंता इथे आहे. तुमच्या ११ कोर्सांतली बरीच माहिती कधीकाळी खरी असणार. पद्धत जोरात चालते तोवर चालवणारा गप्प असतो. ती करण्यापेक्षा शिकवण्यात जास्त पैसे आहेत असं ज्या दिवशी दिसतं, त्या दिवशी तिचा कोर्स होतो. ऑक्टोबर १९९४ मध्ये हॉटवायर्ड या ऑनलाइन मासिकाच्या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची बॅनर जाहिरात लागली. ती पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी तिच्यावर क्लिक केलं, असा आकडा या धंद्यात सांगितला जातो. आज साध्या बॅनरला एक टक्का मिळाला तर मी आधी मोजणी चुकली का ते तपासेन. बॅनर तेच, बघणारे सरावले. फेसबुकवर व्यवसायाचं पान काढलं की फुकटात गिऱ्हाईक, हेही काही वर्षं खरं होतं. जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता मित्र आणि नातलगांच्या पोस्टना झुकतं माप मिळेल, आणि फुकटची पोच आधीच आटत होती ती आणखी आटली. फुकट पोचीचे कोर्स मात्र आटले नाहीत.

माझं स्वतःचं ऐका. गुरूंसाठी लिहिण्याआधी मी कोर्स विकत घेत होतो. त्यातल्या एकात शिकवलं होतं, छोट्या छोट्या साइट काढा, एकच लेख शब्द फिरवून वीस ठिकाणी टाका, जाहिरातींतून पैसे येतील. यायचे. मी ३४ साइट काढल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने निकृष्ट मजकुराच्या साइट शोधात मागे ढकलणारा 'पांडा' नावाचा बदल आणला, अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल असं त्यांनीच सांगितलं. एप्रिल २०१२ मध्ये विकत घेतलेल्या आणि बनावट लिंक पकडणारा 'पेंग्विन' आला. ३४ पैकी दोन साइट उरल्या. गूगलला मी बोल लावत नाही, त्या साइटची लायकी तेवढीच होती. पण ज्या गुरूने मला हे शिकवलं, त्याने वर्षभरात तेच धडे 'पांडाला पुरून उरणारी सिस्टीम' म्हणून नव्या वेष्टनात विकले. आणि, हसू नका, मी तो कोर्सही घेतला.

का घेतला? याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा मिळालं, आणि तुमच्या 'माझ्यात खोट आहे का' या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. कोर्स विकत घेतल्या घेतल्या काम केल्यासारखं वाटतं. रात्री पैसे भरले की दुसऱ्या दिवशी छाती हलकी असते. आता आपण मार्गाला लागलो. मग दुसरा धडा कंटाळवाणा निघतो, तिसऱ्यात अनोळखी माणसांना पत्रं लिहायला सांगतात, ते नकोसं वाटतं, आणि नेमक्या त्याच वेळी नवा ईमेल येऊन पडतो की जुनी पद्धत मेली, ही नवी घ्या. विकणारा जे विकतो ते नीट पाहिलंत तर धडे दुय्यम असतात. सुटका विकली जाते, तीही हप्त्याहप्त्याने. हे माहीत असूनही मला अजून अधूनमधून हात आवरावा लागतो.

गुरूंचा लाडका बचाव असतो, 'लोक कृतीच करत नाहीत, मी काय करणार.' अर्धं खरं आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पुरा केला होता. फुकट नाव नोंदवणारे त्यात फार, हे खरं. प्रमाणपत्रासाठी पैसे मोजणाऱ्यांत हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होतं. तरी अर्ध्याहून अधिक गळलेच. तेव्हा अपुरा कोर्स सोडणं ही माणसाची सर्वसाधारण सवय आहे, तुमचा खास दोष नाही. पण जो विक्रेता हे जाणतो, त्यावर किंमत बेततो आणि 'दिवसाला वीस मिनिटं, अनुभव नको, कौशल्य नको' असं म्हणून नेमकी न टिकणारी माणसंच गोळा करतो, त्याने नंतर त्यांच्याच आळसाकडे बोट दाखवू नये.

चांगले शिक्षक आहेत. मला दोघे-तिघे भेटले. ते कंटाळवाणे होते. एकाच गोष्टीबद्दल बोलायचे, समजा फक्त ईमेलबद्दल, आणि 'तुमच्याकडे अजून विकायला काही नसेल तर माझ्याकडे येऊ नका' असं पहिल्याच पानावर लिहायचे. फसलेल्या मोहिमा खर्चाच्या आकड्यांसकट दाखवायचे. त्यांचं पोट शिकवण्यावर अवलंबून नव्हतं, आणि त्यांना घड्याळ लावावं लागत नव्हतं. एखाद्या गुरूबद्दल शंका असेल तर मेटाच्या (फेसबुकच्या मालक कंपनीच्या) अ‍ॅड लायब्ररीत त्याच्या सध्या चालू असलेल्या जाहिराती कुणालाही पाहता येतात. तो म्हणतो की त्याचा मुख्य धंदा वेगळा आहे? मग त्या धंद्याच्या जाहिराती दिसतात, की फक्त वेबिनारच्या?

क्षेत्र थोतांड नाही. ते हिशेबाचं काम आहे आणि हिशेब रूक्ष असतो. विक्रीच्या पानावर आलेल्या १०० अनोळखी माणसांपैकी एखाद-दुसरा विकत घेतो, हा माझा नेहमीचा अनुभव. एकच धरा. महिन्याला २० विक्री हव्यात तर २,००० माणसं आणावी लागतील. ती जाहिरातीने आणायची असतील, तर एका विक्रीतून मिळणाऱ्या नफ्याचा शंभरावा भाग ही एका क्लिकची कमाल किंमत. क्लिक त्याहून महाग पडला की तोटा, मग जाहिरात कितीही देखणी असो. तुमच्या ११ कोर्सांपैकी किती जणांनी ही वजाबाकी पहिल्या दिवशी करून दाखवली? जाहिरात न करता लेख लिहून माणसं आणायची, तर पैशाऐवजी महिने लागतात, आणि तेही ज्या विषयातलं तुम्हाला खरंच काही कळतं त्याच विषयात. तुम्ही प्रश्नात ओझरतं लिहिलंय की तुम्ही बारा वर्षं हिशेब तपासनीस म्हणून काम केलंत. एकाही कोर्सने तुम्हाला त्याचा उपयोग विचारला नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. मी असतो तर छोट्या दुकानदारांना समजेल अशा भाषेत करांवर लिहायला लागलो असतो आणि वर्षभर दुसरं काही केलं नसतं.

आज संध्याकाळी काय करायचं ते सांगतो. घेतलेल्या सॉफ्टवेअरांची मासिक वर्गणी जिथे जिथे आपोआप कापली जाते, त्यांची कार्डाच्या विवरणातून यादी काढा. माझ्या पाहण्यात लोकांचे कोर्सापेक्षा जास्त पैसे तिथे झिरपतात. ईमेल पाठवणारं एक साधन ठेवा, बाकी बंद. गुरूंच्या याद्यांतून बाहेर पडा, एखाद्याचीही कीव करू नका. 'तुम्ही गेलात तर मला वाईट वाटेल' हा निरोपाचा ईमेलही साच्यातलाच असतो. आधीच्या दहा कोर्सांचे पैसे गेले असं समजा, ते वसूल करण्यासाठी म्हणून ते पुन्हा उघडून बसू नका.

अकराव्याचं मात्र वेगळं आहे. त्याच्या अटी मी वाचल्या. हमी ३० दिवसांची आहे, पण पहिल्या चार धड्यांचा गृहपाठ भरलेला दाखवावा लागेल असं खालच्या परिच्छेदात आहे. ही अट लोक तिथपर्यंत पोचणार नाहीत या भरवशावर घातलेली असते. तुमच्याकडे ११ दिवस आहेत. दोन संध्याकाळी बसून चारही भरा, त्यांचे स्क्रीनशॉट काढा आणि ईमेल करा. विषयात ऑर्डर क्रमांक आणि 'रिफंड' हा शब्द, आत दोन ओळी, कारण सांगायची गरज नाही. फोनवर बोलू म्हणाले तर लेखी उत्तर मागा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे व्यवहारावर हरकत नोंदवा, तिथेही मुदत असते. आणि एक. ते बहुधा म्हणतील, पैसे परत घेण्याऐवजी आमचा प्रगत कोर्स फुकट घ्या. घेऊ नका. तो स्वीकारला की आधीचा रिफंडाचा हक्क संपला, असं अटींत कुठेतरी लिहिलेलं असू शकतं. हे वाक्य मी स्वतः दोनदा लिहून दिलंय.